उतरणीवरचा ट्रेलर

शिट्टीकाका स्वतः शेडवर आला, तेव्हाच थोरलीनं ओळखलं, काहीतरी बिनसलंय. बोटी पाण्यात सोडायच्या उतरणीवरचा तो राखणदार. गळ्यात कायम शिट्टी अडकवलेली, म्हणून लहानथोर सगळे त्याला शिट्टीकाकाच म्हणत. आपली खुर्ची आणि समोरचं पाणी सोडून हा माणूस सहसा कुठे जात नसे. आपली पाठ फिरली की कुणीतरी बुडणार, असा त्याचा पक्का समज होता.

थोरली तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या ट्रेलरखाली आडवी पडली होती. बोटींचे ट्रेलर दुरुस्त करायची त्यांची शेड होती. वेल्डिंग नवरा बघायचा; चाकं, आस, बेअरिंग हे सगळं तिच्याकडे.

“ताई, जरा बाहेर ये.”

“बोला की काका, ऐकतेय मी.”

“असं तुझ्या पायांशी नाही बोलता येत मला. बाहेर ये.”

ती पाठीवर सरकत बाहेर आली आणि चिंधीला हात पुसत उभी राहिली. काका उगाचच शिट्टी बोटात फिरवत राहिला. मग एकदाचा म्हणाला, “उतरण खोदायला घेतायत. सिमेंट पार उखडलंय, ते काढून नवीन टाकणार. सोमवारपासून तिथे एक गाडी, एक ट्रेलर दिसता कामा नये म्हणालेत. राहील ते क्रेननं उचलून भंगारात. सगळ्यांनी आपापले नेले. तुमचा तेवढा उरलाय.”

“बाबांना सांगितलंत?”

“मास्तरांना? माझी जीभ नाही रेटली, बाई. रोज येतात बिचारे. चाकाशी बसतात, पिचकारीनं ग्रीस भरतात, जरा वेळ पाण्याकडे बघतात आणि जातात. कुठल्या तोंडानं सांगू त्यांना?”

“रोज?”

थोरलीला वाटत होतं, बाबा आठवड्यातून एखादी चक्कर मारत असतील. घरातून ते ‘बटणं आणायला चाललोय’ असं सांगून निघत. बाबा शिंपी होते, तेव्हा बटणं आणायला जाणं काही वावगं नव्हतं. पण गेले कित्येक महिने त्यांनी एक सदरासुद्धा शिवला नव्हता, आणि घरात बटणांचे डबे भरून वाहत होते.

“जपून सांग त्यांना,” काका म्हणाला, आणि आला तसा घाईघाईनं पाण्याकडे निघून गेला.

धाकटा थोरलीच्या पाठचा एकुलता एक भाऊ. दिवसभर पंपांच्या जळालेल्या मोटारींना तांब्याच्या तारा गुंडाळायचा आणि सुट्टीच्या दिवशी बोट घेऊन पाण्यावर जायचा. मासे धरणं हा त्याचा धंदा नव्हे, वेड होतं. सकाळी बाहेर पडायचा तो उन्हानं लाल होऊन संध्याकाळी परतायचा, आणि पिशवीत बोटभर दोन मासे असायचे. “एवढ्यासाठी अख्खा दिवस?” असं आई विचारी. “अगं, मोठे म्हणाले, पुढच्या वेळी येतो,” असं त्याचं उत्तर ठरलेलं.

एका सकाळी असाच गेला. आभाळ स्वच्छ होतं. दुपारी वारा फिरला, एकाएकी, आणि पाण्यावर गेलेल्या बाकीच्या बोटी धापा टाकत परत आल्या. त्याची आली नाही. उतरणीवर त्याची जीप आणि जीपच्या मागे रिकामा ट्रेलर, दोन्ही अंधार पडेपर्यंत तशीच उभी होती. दुसऱ्या दिवशी शोध सुरू झाला. तिसऱ्या दिवशी शोधपथकाला जागा हवी म्हणून जीप घरी न्यायचं ठरलं. तेव्हा बाबांनी स्वतःच्या हातानं ट्रेलर जीपपासून सोडवला आणि कुंपणाशी ढकलून ठेवला.

“हा राहू दे इथे,” ते म्हणाले. “तो आला तर बोट कशावर घालणार?”

त्यानंतर दोन दिवसांनी बोट सापडली. पलीकडच्या खडकांमागे पालथी, बूड फुटलेलं. जीवरक्षक जॅकेट बाकाखाली जसंच्या तसं बांधलेलं होतं. धाकटा सापडला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

जॅकेट अंगात नव्हतं हे कळलं आणि आईनं तिथल्या तिथे ओळखलं. तिनं कपाटातले त्याचे कपडे काढले, धुतले, इस्त्री केली आणि ज्यांना गरज होती त्यांना वाटून टाकले. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. लोक पाठीमागे म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं आहे. बाबांचं सगळं उलट. ते येता जाता रडायचे, पण कुणी ‘आता मन घट्ट करा, मास्तर’ म्हटलं की तडक उठून जायचे. बोट फुटली हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी ट्रेलर हलवायचा विषय पुन्हा निघाला नाही. निघाला असता तरी काढायचा कुणी?

आणि थोरली? ती त्या दिवसापासून उतरणीकडे फिरकली नव्हती. एखादं गिऱ्हाईक “ट्रेलर तिकडेच अडकलाय, येऊन बघता का” म्हणालं, की ती नवऱ्याला पाठवायची. हातात काम असलं की डोकं गप्प बसतं, एवढं तिला कळलं होतं, म्हणून ती कामाला घट्ट धरून होती.

त्या दुपारी ती आईकडे गेली. आई ओट्याशी भांडी पुसत होती.

“आण की मग,” सगळं ऐकून आई म्हणाली. “एवढं काय त्यात? लोखंडाचा सांगाडा तो.”

“आणीन गं. पण बाबा...”

“तुझ्या बाबांना वाटतं, मला काही कळत नाही. बटणं आणायला गेलेल्या माणसाच्या बाहीला ग्रीस कसं लागतं? धुतं कोण ते सदरे?”

“तू कधी बोलली नाहीस त्यांना?”

आईनं हातातला पेला उजेडाकडे धरून बघितला आणि पुन्हा पुसायला घेतला. “काय बोलू? तो माणूस एका आशेवर जेवतोय. तीही काढून घेतली तर ताटावर बसेल का?” मग जरा वेळानं, “ठेवणार कुठे?”

“मागच्या अंगणात. शेडवर पाय ठेवायला जागा नाही.”

“ठेवा. माझी कपड्यांची दोरी तेवढी तोडू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं धाकट्याची जीप काढली. मागे जॅक, लाकडी ठोकळे, रॉकेलचा डबा, ग्रीसचा डबा, नवीन सील आणि पिना टाकल्या. उतरणीचं वळण आलं तसा तिचा पाय ब्रेककडे गेला. पण गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर पुन्हा सुरू झाली नसती, हे तिला ठाऊक होतं.

वरचा वाहनतळ ओसाड पडला होता. एरवी सुट्टीच्या दिवशी जिथे पाऊल ठेवायला जागा नसे, तिथे कुंपणाशी एकच ट्रेलर आणि त्याच्याशेजारी पालथ्या डब्यावर बसलेले बाबा. मांडीवर ग्रीसची पिचकारी. जीपचा आवाज ओळखीचा. ते झटकन उठून उभे राहिले, आणि गाडीतून थोरली उतरताना बघून हळूच पुन्हा बसले. त्या उठण्याबसण्यात काय होतं ते थोरलीला दिसलं, पण तिनं न बघितल्यासारखं केलं.

“बटणं मिळाली का, बाबा?”

बाबा ओशाळले. “आईला कळलंय?”

“सदरे तीच धुते.”

बाबा कसनुसं हसले. थोरली चाकाशी उकिडवी बसली. चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला तर अख्खा पंजा ग्रीसनं बरबटला. आतल्या बाजूनं पिवळं ग्रीस ओघळून टायरवर आलं होतं, तिथून खाली जमिनीवर, आणि त्यावर धूळ बसून काळा चिखल झाला होता. दुसऱ्या चाकाचीही तीच गत.

“बाबा, रोज किती भरत होतात?”

“आत जाईल तेवढं. का गं?”

“मावेनासं झालं की ते जाणार कुठे? मागचं सील ढकलून बाहेर आलंय. सीलच बाहेर आलं की आत पाणी जातं, माती जाते.”

बाबांचा चेहरा पडला. “म्हणजे मीच बिघडवलं?”

“बिघडलं नाही हो.”

“मला वाटलं, मशीनला कसं रोज तेल देतो आपण. एक दिवस चुकलं की कुरकुरतं. तो म्हणाला होता मला, बाबा, या बेअरिंगची एकच मागणी असते, ग्रीस. बाकी काही बोलला नव्हता.” त्यांनी पिचकारी डब्यामागे ठेवली, कुणी बघू नये अशी. “जास्त झालं का?”

“थोडं जास्त झालं. उघडून साफ करते, नवीन सील घालते. तासाभराचं काम आहे.”

मुख्य गोष्ट अजून बोलायची होती. येताना वाटेत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती आणि आता त्यातलं एकही आठवेना. तिनं जॅक काढला, पलीकडच्या चाकाला पुढून मागून ठोकळे लावले. तोवर बाबाच म्हणाले, “न्यायला आलीस ना?”

तिनं ठोकळा पायानं आणखी आत दाबला.

“शिट्टीवाला मला काही बोलला नाही. पण मला दिसत नाही का? काल माणसं आली होती. उतरणीवर चुन्याच्या रेघा मारून गेली. माझा जन्म खडूच्या रेघांवर कापड कापण्यात गेला, पोरी. रेघ मारली की कापणारच.”

वाऱ्यानं चुन्याची पूड थोडी थोडी उडत होती. खाली पाणी सिमेंटच्या कडेला चुळुक चुळुक करत होतं. बाबा बराच वेळ तिकडे बघत राहिले.

“ने,” ते म्हणाले. “पण चाकं नीट कर. रस्त्यात कुठे अडकलं, तर मला नाही सहन व्हायचं.”

तिनं चाक उतरवलं. चाक ज्यावर बसतं त्या हबवरचं टोपण हातोडीनं ठोकत ठोकत सैल केलं आणि काढलं. आत बाबांच्या पिवळ्या ग्रीसची भर. चिंधीनं उपसून काढावं तर आणखी येई. बाबा चिंध्या फाडून देत होते. सवयीनं त्यांचे तुकडे सारख्या मापाचे पडत होते. नट फिरू नये म्हणून घातलेली पिन ओढून काढली, नट सोडवला, वॉशर काढलं, हब हलवून पुढे घेतला तसं बाहेरचं बेअरिंग तिच्या हातात आलं. तिनं ते रॉकेलमध्ये बुडवून बुचकळलं. पिवळं सुटलं आणि त्याखालून निळं दिसू लागलं.

थोरलीचा हात रॉकेलमध्येच थांबला.

निळं ग्रीस तिच्या शेडवरचं. पाण्यात जाणाऱ्या चाकांना ती तेच वापरायची. मागच्या हंगामाच्या आधी धाकटा ट्रेलर घेऊन शेडवर आला होता. एक चाक तिनं केलं होतं. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, वरच्या फटींतून ग्रीसच्या शेवया बाहेर येईपर्यंत. “असं,” ती म्हणाली होती. “पुढचं तू कर.” धाकट्यानं केलं, पण कोपरापर्यंत माखून घेतलं आणि नाकालाही लावून घेतलं. “ताई, तू हे पोटासाठी करतेस की पापं फेडायला?” असं वर विचारलं होतं. तीही हसली होती, आणि मग नेहमीचं रागावली होती, की लांबून आलास की लगेच ट्रेलर पाण्यात घालू नकोस, चाक तापलेलं असतं, गार पाण्यात गेलं की पाणी आत ओढून घेतं, थोडा वेळ थांबत जा. “थांबायचं कुणाला जमतंय, ताई?” तो म्हणाला होता.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. निळं आहे. आमचंच.”

बाबांनी डब्यात वाकून बघितलं. त्यांना कळलं. तिनं बेअरिंग स्वच्छ धुतलं, पुसलं, उन्हात धरून रोलर फिरवून बघितले. गंजाचा एक ठिपका नव्हता. बाबांनी ग्रीस भरून भरून सील घालवलं होतं खरं, पण त्याच ग्रीसनं महिनोन्महिने खारा वारा आत जाऊ दिला नव्हता.

“बेअरिंग चांगली आहेत, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही राखलीत.”

बाबांनी मान हलवली. डोळे पुसायला हात वर नेला, हात बरबटलेला पाहून खाली घेतला, आणि खांद्यानं पुसले.

पहिलं चाक बसलं. नट आवळताना ती चाक फिरवत राहिली, मग नट जरासा सैल केला, नवी पिन घातली, चाक वर खाली धरून हलवून पाहिलं. कुठे खडखड नाही. मग दुसरं. ते धाकट्यानं स्वतः बसवलेलं. टोपण निघालं, ग्रीस पुसलं गेलं आणि पिन दिसली तशी ती थबकली. पिनेची एक पात पुढे वाकवायची, दुसरी मागे. शेडवरचं नवखं पोरगंही तसंच करतं. याच्या दोन्ही पाती एकाच बाजूला पीळ देऊन नटाभोवती गुंडाळल्या होत्या. मोटारीला तार गुंडाळतात तशा.

“हे त्यानं केलंय,” ती म्हणाली. “मोटारवाल्याचं काम. एक काढायला गेलं की तिन्हीसांजा होतील.”

बाबा पुढे सरकून बसले. जाड चष्मा नाकावर सरळ करून त्यांनी त्या पिनेकडे इतक्या जवळून बघितलं, की त्यांचा श्वास लोखंडाला लागला असेल.

“ही राहू दे ना.”

“नाही चालत, बाबा. पिन काढल्याशिवाय नट निघत नाही. आणि एकदा वाकलेली पुन्हा घातली तर रस्त्यात तुटते. तुटली की चाक सुटलं.”

“हो का.” बाबांनी पिनेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “मग नवी घालशील ती अशीच वाकव. अशीच फिरव. धरून राहते ना अशी?”

“राहते. त्याची राहिलीच की.”

पक्कडीनं पीळ उलगडताना तिचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी पिनेचे दोन तुकडेच झाले. आतलं सगळं तसंच केलं, धुणं, पुसणं, तळहातावर ग्रीस घेऊन भरणं, सील ठोकणं. आणि नवी पिन घालून तिनं तिच्या दोन्ही पाती एकाच बाजूला वळवल्या आणि पीळ दिला. आयुष्यात पहिल्यांदाच. हात तसा वळायला तयारच नव्हता. दोनदा पक्कड निसटली. बाबा जवळून बघत होते आणि सांगत होते, “अजून थोडी. अजून. हं, तशी.”

टोपण बसवल्यावर ती तशीच चाकाला टेकून जमिनीवर बसली. तेव्हा कुठे तिला रडू आलं. घरात नाही, शोध चालू होता तेव्हा नाही, ते आता, हातात पक्कड घेऊन. बाबांनी तिला जवळ घेतलं नाही; त्यांचेही हात भरलेले होते. ते नुसते शेजारी बसून राहिले, खांद्याला खांदा लावून. शिट्टीकाका आपल्या खुर्चीतून दोनदा उठला आणि दोनदा बसला.

निघताना काकानं ट्रेलर जीपला जोडायला मदत केली. साखळी अडकवली, ओढून बघितली. “मास्तर,” तो म्हणाला, “ट्रेलर गेला म्हणून इथे यायचं सोडू नका. खुर्ची आहे माझी. दोघं बसू.” बाबांनी त्याचा हात हातात घेतला. त्याच्या हातालाही ग्रीस लागलं, पण त्यानं पुसलं नाही.

रस्ता फार लांबचा नव्हता, पण थोरलीनं घाई केली नाही. नवीन भरलेल्या चाकाला पहिल्या काही मैलांत हात लावून बघावा लागतो. नट जास्त आवळला गेला असेल तर हब तापतो. पेट्रोलपंपाच्या पुढे तिनं गाडी कडेला घेतली. ती उतरायच्या आत बाबा उतरले. चाकाशी वाकले आणि हबला हाताची मागची बाजू लावली. तळवा नाही, मागची बाजू, अंगात कणकण असलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. एका चाकाला, मग फिरून जाऊन दुसऱ्याला.

“नाही गं,” परत येऊन बसत ते म्हणाले. “कोमट आहे नुसतं.”

पुढच्या पुलाशी त्यांनी पुन्हा थांबायला लावलं. त्याच्या पुढच्या वळणावर पुन्हा. काही गरज नव्हती. थोरली थांबत गेली.

अंगणात ट्रेलर मागे रेटत आत घालायला बरीच कसरत करावी लागली. कपड्यांची दोरी वाचवण्यासाठी बाबा मागे उभे राहून “डावीकडे, डावीकडे, अगं तुझ्या डावीकडे” असं ओरडत होते. आवाज ऐकून आई बाहेर आली. हात पुसत पायरीवर उभी राहिली.

“तिथे नको. पाण्याचा नळ अडेल. इकडे, भिंतीशी घ्या. आणि टायरची ती घाण माझ्या फरशीला लावू नका.”

“पुसलेत गं टायर,” थोरली म्हणाली.

“दिसतायत पुसलेले.”

ट्रेलर भिंतीशी लागला. थोरलीनं जीप सोडवली, ठोकळे लावले. आई दोरीवरचे कपडे सरकवायला पुढे झाली आणि ट्रेलरच्या बाजूनं जाता जाता थांबली. बोट ज्यांवर टेकते त्या दोन लांब लाकडांना धाकट्यानं जुनं गालिच्याचं कापड ठोकलं होतं. एके काळी ते आईच्याच खोलीत पायांखाली असायचं. तिला न विचारता त्यानं कापलं होतं आणि त्यावरून घरात केवढा तमाशा झाला होता. त्या कापडावर बोटीच्या बुडाचा ठसा पडला होता. मधला भाग दबलेला, गुळगुळीत झालेला, कडांना जुनी नक्षी अजून शाबूत. बोटीचा आकार स्पष्ट कळत होता. फक्त वर बोट नव्हती.

आईनं त्या दबलेल्या जागेवर हात ठेवला. तो हात ती मागेपुढे फिरवू लागली. आणि मग तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की शेजारची खिडकी उघडली.

ती खाली कोसळली म्हणावं अशी बसली. ज्या बाईनं इतके महिने भांडी पुसली, कपडे वाटले, आल्यागेल्याला चहा दिला, ती ट्रेलरच्या लाकडावर डोकं टेकून हंबरडा फोडून रडत होती. “बघा, बघा, कसा बसला होता,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. ते बोटीच्या ठशाला होतं की लेकाला, कोण जाणे.

थोरली पुढे धावली, पण तिच्या आधी बाबा पोहोचले. गुडघे दुखतात म्हणून एरवी खाली न बसणारे बाबा फरशीवर बसले आणि बरबटलेल्या हातांनीच त्यांनी आईला धरलं. तिच्या पाठीवर, दंडावर काळे पिवळे पंजे उमटले.

“रड,” ते म्हणाले. “रडून घे. मी आहे.”

थोरली मागे सरली. नळ सोडून उगाच हात धूत उभी राहिली. ग्रीस काही नुसत्या पाण्यानं जात नाही.

उतरणीचं काम पुढे पुष्कळ दिवस चाललं. सिमेंट नवं झालं, वाहनतळावर पुन्हा गर्दी होऊ लागली. बाबा अधूनमधून काकाच्या खुर्चीशेजारी जाऊन बसत, पण आता सांगून जात. पाण्याकडे बघत, काकाशी गप्पा मारत आणि जेवायच्या वेळेला परत येत. हळूहळू त्यांनी शिलाई मशीनवरचं कापड काढलं. आधी फाटकं तुटकं दुरुस्त करायचं काम घेतलं, मग शाळेचे गणवेश. धाकट्याबद्दल ‘तो आला की’ असं म्हणायला जाताना ते आता अडखळत, थांबत, आणि थांबल्यावर वाक्य पुरं करत नसत.

एका दुपारी शिट्टीकाका घरी आला. धाकट्याला शोधायला गेलेल्या पथकाच्या ट्रेलरची आस मोडली होती. तात्पुरता कुणाचा मिळेल का, असं त्यांनी त्याला विचारलं होतं आणि त्याला हा आठवला होता. थोरलीही तेव्हा तिथेच होती.

“न्या की,” बाबा म्हणाले. “उभाच आहे. चाकं चांगली आहेत. थोरलीनं केलीत.”

“नाही,” आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

“अगं, ती माणसं दिवसरात्र पाण्यात होती आपल्यासाठी...”

“मला ठाऊक आहे. त्यांना हवं ते द्या. जीप द्या. हा नाही जाणार इथून.” तिनं ट्रे काकापुढे ठेवला. “चहा घ्या, भाऊजी. गार होतोय.”

काकानं चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठला. थोरली त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. “मोडका ट्रेलर शेडवर पाठवा,” ती म्हणाली. “नवरा मोडलेली आस वेल्डिंग करून देईल, मी चाकं बघते. दोन दिवसांत होईल.”

“आईचा एवढा जीव त्या ट्रेलरवर?” काकानं हळूच विचारलं.

“आम्हालाही आत्ताच कळतंय, काका.”

ती परत आली तेव्हा मशीनचा आवाज थांबला होता. बाबा सुई उजेडाकडे धरून दोरा ओवायचा खटाटोप करत होते. दोरा पुन्हा पुन्हा बाजूनं जात होता. आई अंगणातून वाळलेले कपडे घेऊन आत आली, कपडे खुर्चीवर टाकले, त्यांच्या हातातून सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि ओवून दिलं. मग कपड्यांच्या घड्या घालायला बसली.